सहा मात्रा

केरोबा घडशी समुद्रापार कधी गेला नाही.
फार तर मोऱ्यापर्यंत, मचव्यातून, मेहुणीच्या लग्नाला.
तरी कंदाहारची धूळ त्याच्या कवनात अशी उडायची
की ऐकणारा डोळे चोळी.

धक्क्यावर उतरलेला शिपाई गाठायचा,
ताडीचा मोगा पुढे सरकवून विचारायचा:
तिकडची माती कुठल्या रंगाची?
खेचर मरताना ओरडतं का?
तहानेनं जिभेला चव कसली येते?

रात्री डोंगरीच्या खोलीत
डफ मांडीवर, डफावर कागद.
सकाळी तो कागद माझ्याकडे.
मी शिळाछापखान्यात दगडावर उलटी अक्षरं काढणारा;
वीस वर्षं जग मी उजवीकडून डावीकडे वाचलं.

येसू आली दिवाळीच्या अलीकडे, दापोलीहून.
पदराच्या गाठीत पलटणीचं पत्र.
"बुवा, तुमच्या गाण्यात एवढी माणसं पडतात,
त्यांत माझा रायनाक घाला."
अधेली तिनं उंबऱ्याबाहेर ठेवली
आणि चार पावलं मागं सरली.
केरोबानं ती उचलली. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कागदावर होतं: महावीर.
"चालीत बसेना रे," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.
मी बोटांवर मोजलं.
रायनाक, सहा.
महावीर, सहा.
बोललो नाही. मलाही अकरा रुपये पगार होता
आणि शेठ गिऱ्हाईक ओळखून होता.

गिरगावच्या नाक्यावर डफ कडाडला.
महावीर पडला तिथं बाया रडल्या.
येसू मागं उभी, शेवटच्या कडव्यापर्यंत कान देऊन,
आणि थाळी फिरायच्या आत दिसेनाशी झाली.

त्या रात्री केरोबा छापखान्यात आला, पिऊन.
"तिसऱ्या आवृत्तीला चौकटीची वेल नवी काढ.
पानांत घाल ते नाव.
दगडावर सुलट लिही, कागदावर उलटं उमटेल.
कोणाच्या बापाला कळणार नाही."
मग बराच वेळ शाईचा रूळ हातात धरून बसला.

लिहिलं मी. खालच्या कोपऱ्यात, कळीशेजारी.
येसूला सांगायला गेलो तर
ती गावी परतली होती. तिला वाचताही येत नव्हतं म्हणा.

पुढे केरोबानं लावण्या केल्या.
एक बरी, बाकीच्या पोटासाठी.

अर्ध्या आण्याचा कागद,
गाऊन झाला की वाण्याच्या रद्दीत.
त्याच्या पुड्या झाल्या, हिंगाच्या, जायफळाच्या,
आणि ज्या घरांच्या ओटीवर तो चढू शकला नसता
तिथल्या माजघरात, फडताळात,
डब्याआड
रायनाक पाठमोरा बसून राहिला.