टाळू

सात खुर्च्या. सहांवर गिऱ्हाइकं,
सातवीवर मी, कोपर भिंतीला टेकलेलं.
पाकीट काढायचं नाही, त्यांनी आधीच बजावलंय.
हामादे-सानांची वरची कवळी मी केली:
मेण, प्लास्टर, गुलाबी अ‍ॅक्रिलिक,
तीनदा परत आली, तीनदा घासली.
म्हणाले, पैसे डॉक्टर घेऊन गेला, तुम्हाला मासा.

बाहेर हिमीच्या खाडीवर ढग गडगडतायत.
बुरी माशाला जागवणारा गडगडाट, म्हणतात इथे.
नागोयाचं जोडपं दचकतं.
सिमेंट कंपनीतले दोघे ग्लास उचलतात,
जणू त्यांनीच मागवला होता.

बाकी कुणी काही मागत नाही.
तुमच्यावर सोपवलं, एवढं म्हणायचं
आणि हात मांडीवर ठेवून बसायचं.
माकुलाचा काप, आडव्या चिरांचा, मिठाचे चार खडे.
बांगडा, वर आल्याचा ठिपका.
मग पांढरी कोळंबी, काचेसारखी,
अकरा मिळून एक घास. मी मोजल्या.

नवा भात लाकडी परातीत येतो
तेव्हा ते पाठ फिरवतात.
मिनिटभर. खांदे उतरतात.
नागोयाची बाई नवऱ्याच्या कानाशी:
प्रार्थना करत असतील.

करत नाहीत.
ती टाळू मीच झाकली,
दोन मिलिमीटर प्लास्टिकखाली.
ऊन-गार कळत नाही, आंबट उशिरा पोचतं,
सगळे तेच सांगतात आणि मी सगळ्यांना
होईल सवय, म्हणते.

ते कवळी काढतात. वाटीत ठेवतात.
चिमूटभर भात जिभेनं वर दाबतात
उघड्या टाळूवर.
एकाहत्तर वर्षांची, तरी आता
तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी असणार ती,
मऊ, आतून उडणारी.

वाटी धरून तोमोए उभी.
बोटांवर खवल्यांचे जुने ओरखडे,
नजर वर, दिव्याकडे,
आईनं मुलाचे कपडे बदलताना
शेजारणीनं बघावं तसं, म्हणजे न बघता.
ते मान हलवतात: नाही.
ती पंखा घेते. वारा घालते.
पुन्हा चिमूट.
हं.

नळ वाहतो. कोपरापर्यंत हात धुतात.
मग टक्.
सहाजणांना ऐकू येत नाही,
मला येतं, माझं काम आहे ते.
डावीकडे सैल बसलीय. अर्धा मिलिमीटर.
पर्समध्ये कानस आहे, नेहमीच असते,
लग्नांनासुद्धा घेऊन जाते मी.

ते वळतात, सगळे दात दाखवून हसतात.
तळहातावर भात, दोन बोटं, उलटा, पुन्हा दोन बोटं.
बुरी. आजच्या पहाटेचा.
माझ्यासमोर ठेवतात सगळ्यांच्या आधी,
आणि थांबतात. तोमोएही थांबते.

डावीकडे सैल आहे, मी हळूच म्हणते.

आधी खा, ते म्हणतात,
भात निवतोय.