अर्धा व्यास

एल्गोइबारच्या त्या शेडमध्ये, देबा नदीकडे पाठ करून,
गार्बिन्येनं पहिले दोन दिवस मला मशीनला हात लावू दिला नाही.
कानस दिली.
"आधी कड मोकळी कर. बर राहिली
तर तू बरीलाच कड समजशील."
मी चारी कडा घासल्या, वरून अंगठा फिरवून पाहिला.
मग तिनं तिचा अंगठा फिरवला
आणि कानस परत माझ्या हातात दिली.

तिच्या एप्रनच्या खिशात सिगारेटच्या कागदाचं पाकीट असे.
सिगारेट सुटून नऊ वर्षं झाली होती.
नवं पाकीट आलं की पहिला कागद ती मायक्रोमीटरमध्ये धरी,
आकडा पेन्सिलीनं वर लिही: दोन शतांश.
तेलाचं बोट लावून ठोकळ्याच्या अंगाला तो चिकटवी,
फिरत्या कटरकडे टेबल सरकवी,
सरकवी,
आणि कागद एकदम निसटून जाई.
"जवळ असणं आणि लागणं," ती म्हणे,
"यांत एवढंच."

एज फाइंडर नंतर आला.
बोटभर पोलादी दांडी, खाली दहा मिलिमीटरचं टोक,
आतल्या स्प्रिंगवर सुटं.
सहाशे फेऱ्यांवर ते झिंगल्यासारखं डुलतं.
ठोकळा भिडला की डुलणं आखडतं, आणखी आखडतं,
मग एक क्षण टोक आणि दांडी एकजीव,
फिरतंय हेही कळत नाही.
पुढच्या शतांशाला टोक बाजूला उडतं.

"पोलिकी," ती मागून म्हणायची. हळू.
मी गॅलिसियाचा. तेव्हा मला एवढाच बास्क शब्द येई.
"पुढे गेलास तर जरासा मागे येऊन भागत नाही.
स्क्रूत ढिलाई असते.
पूर्ण मागे जा. पुन्हा त्याच बाजूनं ये."
त्या वर्षी आई आणि मी बोलत नव्हतो.
मी काही विचारलं नाही.

मला वाटायचं, टोक उडालं म्हणजे आपण कडेवर.
तसं नसतं.
स्पिंडलचा मध्य तेव्हा पाच मिलिमीटर अलीकडे असतो,
टोकाच्या अर्ध्या व्यासावर.
कड कळते ती बाहेर उभं राहून.
मग टोक वर घ्यायचं, ते पाच न बघता चालून जायचे,
आणि तिथे शून्य.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीला चार मिनिटं असताना,
मी शून्य दाबलं
आणि ते पाच चालायचे राहिले.

अकरा ठोकळे. पंपाच्या झाकणांची बेअरिंगची भोकं,
सगळी गुळगुळीत, सगळी एकमेकांशी जुळणारी,
सगळी पाच मिलिमीटर सरकलेली.
इतकी अचूक चूक मला पुन्हा जमली नाही.

झुबेल्दिया कॅलिपर घेऊन आला.
"सेटिंग कुणाचं?"
माझी जीभ टाळ्याला चिकटली.
गार्बिन्ये हात पुसत आली. एक ठोकळा उचलून
खिडकीकडे धरला, भोकातून नदी बघितली.
"सेटिंग ब्राइसचं," म्हणाली. "अर्धं माझं.
पहिला नग मी तपासायचा असतो. तपासला नाही."

तिनं माझी कड घेतली, असं नाही म्हणता येणार.
ती पाच मिलिमीटर अलीकडे येऊन उभी राहिली.
झुबेल्दिया दोघांकडे बघून निघून गेला.
पोलादाचे पैसे दोघांच्या पगारातून गेले,
तिच्यातून किती, हे तिनं कधी सांगितलं नाही.

शनिवारी मी ओरेन्सेला फोन लावला,
पहिल्याच घंटीला ठेवून दिला.
रविवारी पूर्ण मागे जाऊन
पुन्हा लावला.

सोमवारी बाकावर नवे अकरा ठोकळे होते,
करवतीखालून ताजे आलेले, कडांना मिसरूड फुटल्यासारखी बर.
ती काही बोलली नाही.
कानस तेवढी पुढे सरकवली.