कांस्य

मरोळच्या तिसऱ्या मजल्यावर बसून
मी बेल्जियमच्या जंगलातली शर्यत तपासते.
चोवीस तासांची. गाड्या दिसत नाहीत, ओळी दिसतात:
नंबर, वर्ग, फेरी, तीन तुकड्यांची वेळ.
कुठे आकडा अडखळला की लाल खूण करायची.
एवढंच काम.

पहिल्या रात्री मला वाटलं, वर्ग इंजिनांचे असतील.
परेरा हसला. गाड्या सगळ्या एकाच जातीच्या गं,
वर्ग माणसांचे.
प्लॅटिनम, सोनं, चांदी.
आणि ज्याचं पोट दुसऱ्याच धंद्यावर चालतं,
पदरचे पैसे घालून जो रात्र जागायला येतो,
तो कांस्य.

एकशे सदतीस नंबर. चालक चार, त्यातला एक
सत्तावन्न वर्षांचा दातांचा डॉक्टर.
तो बसला की ओळ जड होते,
फेरीमागे आठ सेकंद.
मागून सोनंवाले येतात, निळा झेंडा हलतो,
तो बाजूला होतो. परत रेषेवर येतो.
परत बाजूला होतो.
बाजूला होण्याचा रकाना आमच्याकडे नाही.

बाबांची टॅक्सी दोघांची होती.
दिवस बाबांचा, रात्र मुनव्वरचाचांची.
सकाळी सहाला नागपाड्याच्या नाक्यावर
चाचा उतरायचे, आपली उशी काखेत मारायचे
(उशीशिवाय त्यांना बॉनेटपलीकडचं दिसत नसे),
बाबा सीट एक खाच मागे ढकलायचे.
बोलणं दोन वाक्यांचं.
क्लच चिकटतोय. डावा दिवा गेलाय.
मालक कोण होता, मला अजून माहीत नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी एकशे सदतीसचा
दुसऱ्या तुकड्याचा आकडा आलाच नाही.
परेरा म्हणाला, सोड ती, वर्गात शेवटचीच आहे.
मी सोडली नाही. लाल खूणही केली नाही.
चहा आणला, तो निवला.
बाजूच्या खिडकीत तिथलं हवामान: पाऊस, अकरा अंश.

मग रांगत रांगत पिटमध्ये पोचल्याची नोंद.
मग पन्नास मिनिटं काही नाही.
मग बाहेर पडल्याची.
बावीस फेऱ्या मागे. चालक तोच.

त्याला आता जिंकायचं काहीच नव्हतं.
पण पहिल्याच्या सत्तर टक्के फेऱ्या भरल्या
आणि शेवटचा झेंडा चालत्या गाडीनं घेतला,
तर निकालात नाव छापतात.
पावतीच्या पाठीवर मी भागाकार केला.
आणखी दोन बिघाड पचवूनही जमेल.

सहाला निलोफर आली, केस अजून ओले.
तिथं तेव्हा अडीच वाजले होते,
निम्मी शर्यतसुद्धा झाली नव्हती.
एकशे सदतीसकडे बघ, म्हटलं,
दुसऱ्या तुकड्यात अडखळते.
बरं, म्हणाली,
आणि खुर्चीचा खटका दाबला.
खुर्ची फुस्स करून चार बोटं खाली गेली.