वारस नोंदीचा कच्चा मसुदा

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर उतरवण्याआधी
वहीच्या मागच्या पानावर लिहून काढते आहे.
घरात अक्षर माझंच बरं, म्हणून काम माझ्याकडे.
हक्कसोडपत्रही माझ्याच अक्षरात होईल,
काका म्हणाला, घाई नाही, शुक्रवारपर्यंत.

मूळ पुरुष: जोमा.
आडनाव तेव्हा नव्हतं. खाडी होती.
तळवलीच्या खालच्या अंगाला तिवरं, निवट्या,
आणि भरतीला खाडीचं, ओहोटीला कोणाचंच नसलेलं खाजण.
त्यात त्याने चिखलाच्या ढेपांवर ढेपा रचून बांध घातला.
तीन पावसाळे नुसतं मीठ धुतलं जात राहिलं.
चौथ्या वर्षी राता झाला, लाल, दोन सुपं.
ही माहिती अर्जात मागितलेली नाही.

जोमाचे मुलगे: हाशा, मयत. कमळ्या, मयत.
कमळ्या म्हातारा होऊन गेला, वालाचं बिरडं मागत.
हाशा गेला उघाडीची फळी तुटली त्या रात्री,
भात पोटरीत असताना.
रकाना दोघांनाही तेवढाच.

हाशाची बायको.
इथे पेन थांबतं.
आमच्याकडे लग्नात बामीबाई धवलारीण
मांडवाखाली सगळ्या मेलेल्यांना नावानिशी बोलावते,
जोम्याला, हाश्याला, पोश्याला, एकही चुकत नाही.
मग सुपारी गालात सारते आणि म्हणते,
"आनि ती, जिनी खांर आरवली."
नाव विचारलं तर म्हणते, सासूनं मला एवढंच दिलं गो.

फळी तुटली, बांधाला खांड पडली, हाशा वाहून गेला.
रडायला पहाट पडली होती.
तिने घरातला बियाण्याचा मुडा फरफटत आणला,
खांडीत ढकलला, वर चिखल, वर पेंढा,
आणि वर स्वतः बसली, ओहोटी लागेपर्यंत, पोशा पोटात.
बियाणं गेलं. शेत राहिलं.
पुढच्या वर्षी पेरलं काय आणि तोवर खाल्लं काय,
हे धवल्यातही नाही.

पोशाचे: लडकू, दुंदा.
आणि तीन मुली, ज्यांच्यापुढे काकाने रेघ मारायला सांगितली आहे.
फशी. ठमी. आंबी.
पेन्सिलीने लिहून ठेवते.

लडकूला तलाठ्याने आडनाव विचारलं,
तो गडबडला, शेजारच्याचं सांगून आला.
ते आम्ही अजून लावतो.
दुंदाच्या वेळी संपादन झालं.
मुरुमाचे डंपर बांधावरूनच आले,
कारण गावात तेवढा पक्का रस्ता दुसरा नव्हता.

दुंदाचे: माझा बाप, मयत, आणि काका.
मग साडेबारा टक्के, मग बिल्डर, मग सात मजले.
बिल्डिंगला नाव बिल्डरच्या मुलीचं आहे.

अमावास्येच्या उधाणाला तिच्या बेसमेंटमध्ये पाणी चढतं.
वॉचमन संदिपान औशाचा,
खाडी त्याने नोकरीला लागल्यावर पाहिली.
गेटवरच्या रजिस्टरमध्ये, पाहुण्यांच्या नावांखाली, लिहितो:
१२.४० पाणी आले. १२.५५ पंप चालू. ३.०५ उतरले.
काल पंप पेटला नाही.
मी गॅलरीतून पाहिलं,
रॅम्पच्या तोंडाशी त्याने वाळूच्या गोण्या टाकल्या होत्या,
पुरल्या नाहीत तेव्हा
खोलीतून स्वतःची गादी आणली,
आणि गोण्यांवर दाबून तिच्यावर बसून राहिला,
मांडीवर बॅटरी, तोंड खाडीकडे.

सकाळी काका विचारतो, झाली का वंशावळ?
म्हटलं, एक नाव राहिलंय.
तो चष्मा पुसतो, वही ओढून घेतो,
कोणाचं ते नाही विचारत.
विचारतो, मयत की हयात?

थांब, म्हटलं,
खाली जाऊन बघून येते.