चारही तीस?

मामंजी पुण्याला गेले धाकट्या दिरांकडे,
छातीला ग्वाल्हेरची थंडी झेपेना म्हणून.
जाताना किल्ल्या दिल्या, गॅसचं पुस्तक दिलं,
आणि स्वेटरच्या खिशातून काढून
हवा मोजायचा मीटर,
पितळी, काच तडकलेली,
रुमालात गुंडाळून.

गिरणीत बॉयलरवर तीस वर्षं.
दाब म्हणजे काय, ते आम्हाला सांगायचे
जेवणाच्या ताटावर, नको असताना.
हवा कुठे जात नाही, म्हणायचे,
थंडीत अंग चोरून बसते.
पारा दहा अंश उतरला की
टायरात दोनेक पौंड कमी धर.
आणि मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी.
धावून आलेल्या टायरचा
आणि तावातावाने बोलणाऱ्या माणसाचा
आकडा खरा मानू नये.

आता रोज सातला फोन.
तब्येत कशी, हे मी विचारायचं.
ते विचारतात, "किती?"

जानेवारीची अठरा तारीख.
धुकं असं की किल्ला तर सोडाच,
समोरच्या कुशवाहांचं फाटक दिसेना.
पेपरात तीन अंश. पेपरही ओला.
शेगडीपाशी बसले होते चहा धरून,
फोन वाजला,
आणि मी न उठताच सांगितलं,
"तीस."

"चारही?"

"हो, चारही तीस."

तिकडे जरा वेळ काहीच नाही.
मागे कुकरची शिट्टी, नातवाची शाळेची गडबड.
मग अगदी हळू आवाजात,
जसं मी लग्नानंतर पहिल्यांदा
पुरणपोळी फोडली तेव्हा बोलले होते,
"मग मीटर बिघडला असेल गं.
चार चाकं कधी एकसारखी नसतात.
मागचं डावं तर मुळीच नाही,
त्याच्या वॉल्व्हचं मला ठाऊक आहे."

शाल घेतली. कानाला मफलर, त्यांचाच,
अजून अमृतांजनचा वास येणारा.
गाडीवर दव गोठल्यासारखं.
टायरच्या तोंडावरचं टोपण
इतकं गार की बोटाला चिकटलं.
उकिडवं बसता येत नाही मला आता,
एक गुडघा मातीत टेकला.

फुस्स.
सव्वीस.
सव्वीस.
पंचवीस.
मागचं डावं : तेवीस.

हवा खरंच अंग चोरून बसली होती,
तिन्हीसांजेला पाहुणे आले की
घरातली सून बसते तशी,
असून नसल्यासारखी.

पायपंप काढला. फाटकातून रामसेवक आला,
रजईसकट,
"अरे भाभीजी, हम भर देते, कहा होता."
म्हटलं, नको. मोजत बस तू, मी मारते.
चाळीस दाब मागच्या डाव्याला.
साठीत पोटऱ्या पेटल्या, पण अंगात ऊब आली,
त्या दिवसातली पहिली.
टायर हळूहळू जमिनीवरून उठला,
माझ्या लक्षातही आलं नव्हतं
तो बसलाय ते.

मग आठवलं, आणि डिकी उघडली.
गजकचे रिकामे डबे, जुनी छत्री,
त्याखाली स्टेपनी.
कोणी तिला विचारत नाही, वर्षानुवर्षं,
मुक्कामी पोचायचं असतं तेव्हाच हवी असते.
अकरा.
अकरावर काय धावणार!
तिला मी आधी भरली असती तर बरं झालं असतं,
असं का वाटलं कोण जाणे.

पावणेआठला मीच फोन लावला.
दम लागलेला, लपवला नाही.
सव्वीस, सव्वीस, पंचवीस, तेवीस होती,
आता चारही तीस. खरंच.
आणि मघाशी मी मोजली नव्हती.

"ठाऊक आहे," म्हणाले.
"स्टेपनी?"

"अकरा होती."

"पस्तीस ठेव. तिला जरा जास्तच द्यावी.
पडून पडून कमी होते ती."

तिकडे थंडी कशी, विचारलं.
"थंडी कसली इथे," म्हणाले मामंजी,
"स्वेटर नुसता खुंटीला आहे.
खिसा हलका लागतो."