वाक्याच्या शेवटचा नं

माणिकवाड्याच्या वाचनालयात, सात ते आठ.
ढेंगळे सरांनी फळ्यावर लिहिलं :
आतामा गा इताई देस्.
डोकं दुखतं. ही झाली बातमी.
मग मधे बोटभर जागा करून
एक न् घुसवला,
इताई न् देस्.
म्हणाले, हे कोणी न विचारलेल्या
'काहून'चं उत्तर.

मागच्या बाकावरून प्रणोती टेकाम :
"सर, हे तं आपलंच हाय.
डोकं दुखते नं!"

सर थांबले. खडू हवेत तसाच.
मग म्हणाले, पण जपून वापरा,
जास्त झालं की सबब वाटते.

परवा बाबा चक्कीवरून रात्री दहाला आले.
"उशीर झाला."
आईचं तोंड तव्याकडेच.
हात धुता धुता,
पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून,
"डीपी जळली नं."
तेव्हा कुठं भाकर ताटात पडली.

आज मी त्यांना चक्कीवरच सांगितलं,
पट्ट्याच्या आवाजात, ओरडून,
"मी जपानले जातो.
म्हाताऱ्यांची सेवा करायले. तीन वर्सं."

त्यांनी बटन दाबलं.
पट्टा फटफटत थांबला,
वानखडे काकूची ज्वारी अर्धीच दळलेली.
"व्हय?" म्हणाले,
अन् पायलीवर हात ठेवून उभे राहिले,
माझ्या वाक्याला
शेवटी अजून काही फुटते का, बघत.

या धड्यात मला
दहापैकी दहा होते.