एक शीट कमी

गुरुवारी दुपारी, जेवणाची टेबलं भिंतीला लावून
चंद्रात्रे बाईंनी आमच्या चपलांत हरभरे टाकले.
जुन्या चष्म्यांना व्हॅसलिन फासून ते आम्हाला घातले,
हातांत दोन-दोन मोजे,
आणि रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये सोडून दिला, खरखरत.
म्हणाल्या, शर्टाची बटणं लावा. लवकर. जेवण थांबलंय.

हसलो आम्ही. सातजणी आणि वॉर्डबॉय केदू.
पहिलं बटण मला सापडलंच नाही.
तेवढ्यात मागून, न बोलता,
कुणीतरी माझा दंड धरून ओढला
आणि माझा हात उठला.
फटका बाईंच्या मनगटावर.

खोली गप्प. रेडिओ चालूच.
मनगट चोळत बाई म्हणाल्या,
"मंजुळा, आता लिहू का तुझ्या कागदावर,
पेशंट मारकुटी आहे?"

मी पेठच्या पलीकडची. मखमलाबाद रोडच्या या घरात
आले तेव्हा एवढंच ठाऊक : अंघोळ, डायपर, गोळ्या,
आणि आवाज चढवला की म्हातारी माणसं ऐकतात.

तीन नंबरमध्ये अहिरे काका.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं मोजणी.
अंगठ्यात अजून ती लय आहे.
वर्तमानपत्र द्या, रुमाल द्या, पोळ्या द्या,
कोपरा उचलून मोजणार.
साडेपाच वाजले की दार अडवून उभे :
"एक शीट कमी आहे. कुणी बाहेर जायचं नाही."

मी सांगायचे, काका, ही प्रेस नाही, तुम्ही रिटायर झालात.
रोज सांगायचे. रोज ते नव्याने घाबरायचे.
छत्तीस वर्षांत न लागलेला डाग
रोज संध्याकाळी माझ्या तोंडून लागायचा.

हरभऱ्यांच्या दुसऱ्या दिवशी
मी त्यांच्या शेजारी बसले, समोर नाही.
(समोर उभा राहतो तो साहेब नाहीतर पोलीस, बाई म्हणतात.)
म्हटलं, चला काका, शोधू.
गादीखाली बघितलं, औषधांच्या ट्रेखाली,
कॅलेंडरच्या मागे.
किराण्याच्या बिलांचा गठ्ठा दोनदा मोजला.
मग मी वहीत लिहिलं, बरोबर. खाली सही.
सही निरखून ते म्हणाले, "पूर्ण नाव लिहा."
मंजुळा सोमा भोये.
किती दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

दरवेळी जमतं असं नाही.
मंगळवारी त्यांनी हात असा पिळला की बांगडी फुटली.
संडासात जाऊन रडले,
तोंड धुऊन पाच नंबरच्या आजींना पेज भरवली.

आमच्या रजिस्टरात बीपीचा रकाना आहे, शुगरचा, लघवीचा.
बाईंनी पट्टी घेऊन आणखी एक आखला,
वर लिहिलं : सांभाळणाऱ्याचं काय?
केदूने तीन दिवस लिहिलं, ठीक. ठीक. ठीक.
चौथ्या दिवशी :
"सात नंबरचे बाबा गेले. दाढी मीच करायचो.
चादर लगेच बदलायला लावली."
बाईंनी दार लोटलं. मॅनेजरला म्हणाल्या,
वीस मिनिटं बेल वाजली तर तुम्ही उठा साहेब.
चहा गार होईपर्यंत आम्ही फक्त
बाबांच्या दाढीबद्दल बोललो,
हनुवटीच्या खळीत दोन केस नेहमी राहायचे, त्याबद्दल.

परवा सुगंधा आली नाही. माझी डबल ड्युटी.
साडेपाचला मी दाराला टेकून उभी, डोळे मिटत होते.
काकांनी गठ्ठा मोजला. एकदाच.
माझ्याकडे बघून म्हणाले,
"जुळलं. जा तुम्ही. बस जाईल तुमची."

ड्युटी सकाळी सातपर्यंत होती.
मी "हो साहेब" म्हटलं, जिन्यापर्यंत गेले,
पायरीवर जराशी बसले,
आणि परत आले.

"नवीन आहात?"
म्हटलं, हो.
त्यांनी खुर्ची सरकवली.
"बसा, शिकवतो. अंगठा कोरडा नको.
आणि घाई करायची नाही."